हसण्याचे शब्द आणि शब्दांचे हसे

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत इंग्रजी शब्दसंग्रहाचे प्रकरण हमखास असते. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द आणि उजव्या रकान्यात त्याचा मराठी अर्थ, अशी त्याची ठरलेली मांडणी. गिगल म्हणजे हसणे, चकल म्हणजे हसणे, टिटर म्हणजे हसणे, स्निगर म्हणजे हसणे. फार तर कोठे ‘मोठ्याने’ किंवा ‘हळू’ असे एखादे विशेषण सोबतीला दिलेले. पान उलटावे तर बोलण्याचीही तीच गत. चॅटर, प्रॅटल, बॅबल, जॅबर या सर्वांपुढे ‘बडबड करणे’ एवढे लिहिले की लेखकाचे काम संपले आणि विद्यार्थ्याचे पाठांतर सुरू झाले. बँकेतील किंवा सरकारी कचेरीतील नोकरीच्या आशेने असंख्य तरुण हे रकाने रात्री जागून घोकतात.

या रकान्यांतून विद्यार्थ्याच्या मनावर दोन समजुती नकळत ठसतात. पहिली अशी की, इंग्रजी भाषा इतकी संपन्न आहे की तिच्यापाशी नुसत्या हसण्याचे आठ-दहा शब्द आहेत आणि मराठी इतकी दरिद्री की त्या सर्वांना मिळून तिच्यापाशी एकच ‘हसणे’ आहे. दुसरी अशी की, हे आठ-दहा शब्द समानार्थी असल्यामुळे त्यांपैकी कोणताही कोठेही वापरला तरी चालतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीने विद्यार्थ्याचा आत्मविश्वास खचतो. दुसरीने तर त्याचे चारचौघांत हसे होते.

शब्दांत दडलेला निवाडा

वस्तुतः हसण्याचा इंग्रजीतील प्रत्येक शब्द नुसता आवाज सांगत नाही. कोण हसतो, कोणाला हसतो आणि ते हसणे सांगणाऱ्याला कसे वाटले, हेही तो सांगतो. गिगल हे पोरवयातील, आवरता न येणारे खुदखुदणे आहे. चकल हे स्वतःशीच, समाधानाने, खालच्या सुरात हसणे आहे. टिटर ही सभेत किंवा वर्गात उठणारी दबकी खुसखुस. स्निगर म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून तोंड दाबून टवाळीने हसणे. गफॉ म्हणजे मराठीत ज्याला सातमजली हसणे म्हणतात ते. कॅकल हा मूळचा कोंबडीच्या कलकलाटाचा शब्द. माणसाच्या हसण्याला तो लावला की त्या हसण्याचा कर्कशपणा आणि सांगणाऱ्याची नावड दोन्ही एकदमच व्यक्त होतात. ग्रिन म्हणजे दात दिसतील असे तोंडभर हसणे, तर स्मर्क म्हणजे आत्मसंतुष्ट माणसाचे, समोरच्याला खिजविणारे हसू.

आता असे समजा की, महाविद्यालयाच्या समारंभाचा वृत्तान्त लिहिताना एखाद्या विद्यार्थ्याने ‘प्राचार्यांनी स्मर्क करीत पाहुण्यांचे स्वागत केले’ असे इंग्रजीत लिहिले. त्याचे व्याकरण बिनचूक आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे आणि मार्गदर्शक पुस्तकातील अर्थही त्याने बरोबर लक्षात ठेवला आहे. तरीही प्राचार्यांनी पाहुण्यांचा कुत्सितपणे पाणउतारा केला, असा त्या वाक्याचा अर्थ झाला! चूक त्या मुलाची नव्हे. ज्याने उजव्या रकान्यात ‘स्मित करणे’ लिहून ठेवले, त्याची ती चूक आहे.

हे निवाडे शब्दांना जन्मतःच चिकटलेले नसतात. समाजाच्या व्यवहारात ते हळूहळू चिकटत जातात. स्मर्कचा जुन्या इंग्रजीतील पूर्वज साधे हसू दाखवीत असे. पुढे स्माइल हा शब्द रूढ झाला आणि स्मर्कच्या वाट्याला हलका अर्थ आला. ग्रिनचा प्रवास याच्या उलट आहे. वेदनेने किंवा रागाने दात विचकणे हा त्याचा मूळ अर्थ. आज तो प्रसन्न हसण्यालाही चालतो. सर्वांत बोधप्रद इतिहास गॉसिप या शब्दाचा आहे. ख्रिस्ती समाजात मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जे धर्ममाता-धर्मपिता होतात, त्यांच्या पवित्र नात्याचा हा मूळचा शब्द. त्यावरून तो जिवलग स्नेह्यांना आणि विशेषतः बाळंतपणाच्या वेळी जमणाऱ्या मैत्रिणींना लावला जाऊ लागला, आणि शेवटी त्या मैत्रिणींच्या बोलण्याला, म्हणजे चहाड्या-कुटाळक्यांना, तो कायमचा चिकटला. जेथे स्त्रिया एकत्र बसून बोलतात तेथे कुटाळक्याच चालणार, हा पुरुषप्रधान समाजाचा निवाडा एका शब्दाच्या अधोगतीत असा गोठून राहिला आहे.

मराठी समाजाने या बाबतीत इंग्रजांना नावे ठेवण्याचे कारण नाही. चार पुरुष पारावर बसून बोलू लागले की ती चर्चा, आणि चार बायका विहिरीवर बोलू लागल्या की ती वटवट, हा भेद मराठीतही आहेच. मुलींचे हसणे ते खिदळणे. वडीलधाऱ्यांचे हसणे मात्र मनमोकळे हास्य.

भरतमुनींची प्रतवारी

हसण्याला प्रतिष्ठेची पायरी लावण्याची ही पद्धत भारतात फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांतील पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या पात्रांचे आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांचे. स्मितात दात दिसत नाहीत. हसितात ते किंचित दिसतात. तेथून एकेक पायरी खाली उतरत अतिहसितापर्यंत आले की डोळ्यांत पाणी येते, आवाज चढतो आणि माणूस दोन्ही हातांनी कुशी धरतो. थोडक्यात, जो जितका मोठा त्याने तितके कमी हसावे, असा तो दंडक होता.

मराठीने या सहांपैकी स्मित जसेच्या तसे ठेवले. उपहसिताशी सख्खे नाते असलेल्या उपहास या शब्दाला तिने निव्वळ टवाळीचा अर्थ दिला. बाकीचे चार शब्द संस्कृत ग्रंथांतच राहिले. पण याचा अर्थ मराठी माणूस दोनच तऱ्हांनी हसू लागला, असा मुळीच नाही. त्याने आपली संपत्ती वेगळ्या ठिकाणी साठविली, इतकेच.

संपत्ती कोठे ठेवली आहे?

इंग्रजी भाषा हसण्याची तऱ्हा क्रियापदाच्या पोटात भरते. मराठी भाषा क्रियापद साधे ठेवते आणि तऱ्हा त्याच्या आधी येणाऱ्या ध्वनिवाचक शब्दात किंवा वाक्प्रचारात सांगते. मूल खुदकन हसते. पोरे फिदीफिदी हसतात. वर्गातले कोणी फिसकन हसते आणि मग सगळा वर्ग खो खो हसू लागतो. मोकळ्या मनाचा माणूस खळखळून हसतो, आजोबा मिशीतल्या मिशीत हसतात, नवी नवरी गालातल्या गालात हसते. खलनायक विकट हसतो, प्रतिस्पर्धी कुत्सित हसतो, कारस्थानी छद्मी हसतो. निर्लज्ज माणूस दात काढतो, लाचार माणूस बत्तिशी दाखवितो. आणि साहेबांचा विनोद मुळीच न कळलेला कारकून कसनुसे हसतो! या शेवटच्या हसण्याला इंग्रजीतही एकेरी क्रियापद सापडत नाही. तेथे इंग्रजीलाही स्माइलच्या मागे विशेषण जोडावे लागते. म्हणजे मराठीची जी रीत, तीच अडचणीच्या वेळी इंग्रजीची होते. मग एकीला श्रीमंत आणि दुसरीला गरीब कशाच्या आधारावर म्हणावयाचे?

खुदकन, फिदीफिदी, खो खो हे शब्द काही पंडितांना बालिश वाटतात आणि शालेय निबंधांतून ते वगळले जातात. भाषाशास्त्राचे मत मात्र याहून वेगळे आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असा विचार मांडला. म्हणजे वंशाने भिन्न असलेल्या येथील भाषांनी शतकानुशतकांच्या शेजारामुळे एकमेकींची वैशिष्ट्ये उचलली आहेत. १९६९ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी या समान वैशिष्ट्यांत ध्वन्यनुकारी शब्दांची गणना केली. आर्यभाषा आणि द्राविडी भाषा या दोन्ही कुळांत अशा शब्दांचे पीक अमाप आहे. तेव्हा जे शब्द पोरकट म्हणून बाजूला सारले जातात, ते वास्तविक मराठीला कन्नड-तेलुगूशी जोडणारे प्राचीन दुवे आहेत. मोल्सवर्थ यांच्या १८३१ आणि १८५७ या दोन्ही आवृत्त्यांतील मराठी-इंग्रजी कोशाने अशा शब्दांना सन्मानाने जागा दिली. दाते आणि कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात खंडांतही ते जपले गेले. कोशकारांना जे मोलाचे वाटले ते पाठ्यपुस्तककारांना हलके का वाटावे?

बोलण्याच्या बाबतीत तर मराठीला क्रियापदांचीही उणीव नाही. कुजबुजणे, पुटपुटणे, कुरकुरणे, बडबडणे, बरळणे, खेकसणे, डाफरणे, गुरगुरणे, हिणवणे ही सगळी एकेरी क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचा प्रसंग निराळा आहे. साहेब डाफरतो, कारकून पुटपुटतो. उलट कधी होत नाही. इंग्रजीतील मंबल आणि मटर यांतील भेद विद्यार्थ्यांना अवघड जातो. मंबल म्हणजे तोंडातल्या तोंडात अस्पष्ट बोलणे आणि मटर म्हणजे नाराजीने पुटपुटणे, एवढे सांगितले की तो भेद जन्मभर विसरणार नाही.

कामातून आलेले शब्द

लांबलेल्या बोलण्यासाठी मराठीने जे शब्द घडविले, ते कोठून आले हे पाहिले तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. न संपणाऱ्या भाषणाला गुऱ्हाळ म्हणतात. रटाळ कथनाला चऱ्हाट म्हणतात. तेच तेच पुन्हा सांगणे म्हणजे दळण दळणे. सतत चालणारे तोंड ही टकळी. गुऱ्हाळ उसाचे, चऱ्हाट दोराचे, दळण जात्याचे, टकळी सूतकताईची. हे सारे शब्द शेतीच्या आणि घरच्या उत्पादनाच्या कामांतून आलेले आहेत. तासन्‌तास तीच हालचाल करणाऱ्या हातांनी तासन्‌तास चालणाऱ्या जिभेला आपल्या कामाचे नाव दिले. दरबार आणि अदालत यांनीही आपली भर घातली. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा किंवा युक्तिवाद. मराठीत आल्यावर मात्र ती विनाकारण घातली जाणारी हुज्जत झाली. पुराव्याने वाद मिटत नाही, वाढतो, हा सामान्य रयतेचा अनुभवच जणू त्या अर्थबदलात उतरला!

आज जाते गेले, टकळी गेली आणि शहरातील मुलाने चऱ्हाट पाहिलेले नसते. गुऱ्हाळे आहेत, पण ती पाहण्यास कोल्हापूरच्या बाजूला जावे लागते. ज्या उत्पादनपद्धतीने शब्द दिला ती मावळली की शब्द काही काळ उसन्या अवसानावर टिकतो आणि मग विरतो. त्याची जागा नव्या अनुभवातून आलेल्या नव्या शब्दाने घेतली, तर त्यात खंत करण्यासारखे काही नाही. तशी जागा कोणीच घेतली नाही, तर मात्र ती निव्वळ तूट होय.

ती तूट आज होत आहे. टॉमस ग्रेशम या सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापाऱ्याच्या नावाने अर्थशास्त्रात एक नियम प्रसिद्ध आहे: हिणकस नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते. शब्दांच्या बाजारातही असेच काहीसे घडते. ‘तो हसला’ आणि ‘ती म्हणाली’ ही सर्वत्र खपणारी नाणी हातात असली की खुदकन आणि कुजबुज तिजोरीत पडून राहतात. मोबाइलच्या पडद्यावर तर हसण्याला शब्दच लागत नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा एक पिवळा चेहरा पाठविला की भागते. २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून याच चित्राची निवड केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. भरतमुनींच्या सहा प्रकारांतील शेवटचा, अतिहसित, तेवढा शिल्लक राहिला. तोही बहुधा चेहऱ्यावरची रेषा न हलविता पाठविलेला.

पाठांतराचा हिशेब

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, परीक्षेत जे विचारतात तेच विद्यार्थी शिकणार. हा आक्षेप खरा आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द असे प्रश्न असतात. लाखो उमेदवारांच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर चार पर्यायांतून एक निवडण्याची पद्धत स्वस्त आणि निःपक्षपाती पडते, हेही मान्य करावयास हवे. नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलाला ‘पाठांतर करू नकोस’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकविणे होय. प्रश्न पाठांतर करावे की न करावे हा नाही. काय पाठ करावे, हा आहे.

नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक भारतातील परीक्षार्थींच्या टेबलावर आजही असते. त्यात बोलण्याच्या तऱ्हांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. टॅसिटर्न, लॅकॉनिक, गॅरुलस, व्हर्बोज, व्होसिफरस अशा शब्दांचा परिचय तेथे प्रसंगांनी आणि व्युत्पत्तीने करून दिला आहे. ती पद्धत चांगली असल्यामुळेच ते पुस्तक टिकले. पण त्या शब्दांची गाठ मराठीशी घालून देण्याचे काम अमेरिकन लेखक करणार नाही. ते येथील शिक्षकाचे काम आहे. टॅसिटर्न म्हणजे घुमा, लॅकॉनिक म्हणजे मोजके पण नेमके बोलणारा, गॅरुलस म्हणजे टकळी चालू ठेवणारा, व्हर्बोज म्हणजे पाल्हाळिक, व्होसिफरस म्हणजे घसा ताणून सांगणारा. हे पाच शब्द अशा रीतीने शिकविले तर खेड्यातून आलेल्या मुलाला ते आपल्या गावातील पाच माणसांच्या चेहऱ्यांसह आठवतील. त्याच्या बोलीत अशा शब्दांचा साठा शहरी मुलापेक्षा पुष्कळदा अधिक असतो. इंग्रजीच्या तासाला जो मागे पडतो, तोच या मार्गाने पुढे येऊ शकेल. शिक्षणातील विषमतेवर बोलणाऱ्यांनी ही बिनखर्चाची वाट एकदा चोखाळून पाहावी.

त्यासाठी फार मोठी योजना नको. शिक्षकाने समानार्थी शब्दांची यादी देताना प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोण हसतो, कोणाला हसतो आणि सांगणाऱ्याला ते कसे वाटते. मार्गदर्शक पुस्तकांच्या लेखकांनी उजव्या रकान्यात ‘हसणे’ हा शब्द एकटा लिहिणार नाही, असा नेम करावा. प्रश्न काढणाऱ्यांनी सुटा शब्द विचारण्याऐवजी वाक्यातील रिकामी जागा विचारावी. चार पर्याय तसेच ठेवूनही हे करता येते. आणि मराठीच्या शिक्षकांनी निबंधातील फिदीफिदी व खो खो यांवर लाल रेघ ओढण्याचे थांबवावे.

अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली आपल्या ग्रंथात माणसाच्या देवघेवीच्या प्रवृत्तीविषयी एक सूचक विधान केले होते. ही प्रवृत्ती बहुधा विचारशक्ती आणि वाचाशक्ती यांचाच परिणाम असावी, असे त्यांना वाटे. शब्दांच्या देवघेवीला तर हे अधिकच लागू पडते. देवघेव म्हटली की दोन्ही बाजूंनी माल हवा. मराठी मुलाने इंग्रजीच्या बाजारात रिकाम्या हातांनी जावयाचे आणि मिळेल ते उधार आणावयाचे, ही देवघेव नव्हे. हे कर्ज झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हा महाराष्ट्रात पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु दर्जा सरकारी आदेशाने मिळतो, शब्द मात्र वापराने जगतात. ज्या भाषेतील मुलांना स्निगर आणि स्मर्क यांतील फरक कळत नाही आणि खुदकन व फिसकन यांतला फरक आठवत नाही, त्यांच्या हाती ना धड इंग्रजी लागली ना धड मराठी राहिली, असेच म्हणावे लागेल. अशा मुलांना कोणी हसले, तर ते हसणे कोणत्या प्रकारचे आहे, हेदेखील त्यांना ओळखता येणार नाही.